धोक्याचा माल आणि झाकणाची जबाबदारी

२०२१ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या किनाऱ्यालगत ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे मालवाहू जहाज पेटले आणि जूनमध्ये ते बुडाले. जहाज जुनेपुराणे नव्हते. त्याच वर्षी ते सेवेत दाखल झाले होते. त्यावर १४८६ कंटेनर होते आणि मालात सुमारे २५ टन नायट्रिक आम्लही होते. दुबईच्या जेबेल अली बंदरात चढविलेल्या एका कंटेनरमधून हे आम्ल गळत असल्याचे वाटेतच खलाशांच्या ध्यानात आले. कतारमधील हमाद आणि गुजरातेतील हाजिरा या दोन बंदरांना तो कंटेनर उतरवून घेण्याची विनंती करण्यात आली. परंतु असा गळका माल हाताळण्याची सोय व तज्ज्ञ उपलब्ध नाहीत, असे सांगून दोन्ही बंदरांनी नकार दिला. गळती सोबत घेऊनच जहाज कोलंबोकडे निघाले. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. मेलेली कासवे, किनाऱ्यावर साचलेले प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांचे थर आणि कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवाव्या लागणे, हे सारे जगाने पाहिले. २०२५ च्या जुलै महिन्यात श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जहाजाच्या मालक-चालकांनी शंभर कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा आदेश दिला.

या दुर्घटनेवर पुष्कळ लिहिले गेले. बंदरांनी नकार का दिला, कप्तानाने वेळीच काय कळविले, विमा कंपन्यांची जबाबदारी किती, या प्रश्नांचा भरपूर ऊहापोह झाला. मात्र आम्ल मुळात बाहेर का आले, हा पहिला प्रश्न या चर्चेत बराच मागे पडला. द्रव पदार्थ बाहेर येतो तो दोनच मार्गांनी: भांडे फुटते, किंवा ज्या तोंडातून तो आत भरला ते तोंड नीट बंद झालेले नसते. दुसरा मार्ग दिसायला क्षुल्लक आहे. बूच, झाकण, त्याखालचा वायसर, पिंपाच्या कडेभोवतीची रिंग आणि ती आवळणारा बोल्ट, एवढाच त्याचा पसारा. पण या क्षुल्लक पसाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावलीत स्वतंत्र तरतुदी कराव्या लागल्या आहेत, आणि त्यांमागचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी पहिल्या शिफारशी १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘नारिंगी पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत. स्फोटकांपासून किरणोत्सर्गी द्रव्यांपर्यंत मालाचे नऊ वर्ग, टँकरच्या पाठीवर दिसणारे कोनावर उभे चौकोनी फलक, प्रत्येक पदार्थाला दिलेला चार अंकी क्रमांक, हे सारे या पुस्तकातून आलेले आहे. सागरी वाहतुकीची संहिता याच पायावर उभी असून ती १ जानेवारी २००४ पासून बंधनकारक झाली. विमान वाहतुकीचे नियमही त्याच मुळाचे आहेत; भारताने २००३ साली त्यांना अनुसरून आपले नियम केले.

कसोटी पिंपाची की बुचाची?

पूर्वी अनेक देशांत पॅकिंगविषयीचे नियम पाककृतीसारखे असत. पत्रा इतका जाड, लाकूड अमुक प्रकारचे, खिळे अमुक अंतरावर. नियम पाळले की पिंप कायदेशीर. ते टिकते की नाही हा जवळजवळ दुय्यम प्रश्न. नारिंगी पुस्तकाने हळूहळू ही रीत बदलली आणि अमेरिकेनेही १९९० साली आपल्या नियमांत हा बदल स्वीकारला. आता पिंप कशाचे व कसे करायचे याविषयी उत्पादकाला बरीच मोकळीक आहे. मात्र तयार नमुना परीक्षेत उतरला पाहिजे. अत्यंत धोकादायक पदार्थांसाठी तो १.८ मीटर उंचीवरून, मध्यम धोक्यासाठी १.२ मीटरवरून आणि कमी धोक्यासाठी ०.८ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर आपटला जातो. हवेचा दाब देऊन तो गळतो का ते पाहतात, आत पाण्याचा दाब देतात, वर तीन मीटर उंचीच्या थप्पीइतका भार ठेवतात. उत्तीर्ण झालेल्या पिंपावर संयुक्त राष्ट्रांचे चिन्ह उमटते आणि सोबत एक्स, वाय किंवा झेड हे अक्षर येते. एक्स म्हणजे सर्वांत अवघड परीक्षा दिलेले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह होता. साधन ठरवून देण्यापेक्षा फळ ठरवून दिले की कारखानदार स्वस्त व चांगला मार्ग शोधतो. परंतु या पद्धतीच्या पोटातच एक अडचण आहे. परीक्षा झाली ती रिकाम्या पत्र्याची नव्हे, तर विशिष्ट बूच विशिष्ट वायसरसह विशिष्ट जोराने आवळलेल्या पिंपाची. भरणाऱ्या कारखान्यात तेच पिंप दुसरा वायसर घालून किंवा निम्म्या जोराने बंद केले, तर ते परीक्षा दिलेले पिंप राहतच नाही. चिन्ह मात्र तेच राहते. पदवीचा कागद एकाच्या हातात आणि परीक्षा दिली दुसऱ्यानेच, असा हा प्रकार म्हणायचा.

म्हणूनच नियमावलीत झाकणाचे कलम आले. पिंप बनविणाऱ्याने आणि पुढे ते विकणाऱ्या प्रत्येकाने झाकणाचा प्रकार, त्याचे माप, लागणारा वायसर व अन्य भाग आणि बंद करण्याची रीत यांची माहिती खरेदीदाराला द्यावी, अशी तरतूद आहे. माल भरणाऱ्याने त्या माहितीनुसारच पिंप बंद करावे, म्हणजे वाटेतील हादरे, उष्णता, आर्द्रता व हवेच्या दाबातील बदल यांमुळे आतील काहीही बाहेर येणार नाही. अमेरिकेच्या नियमांत याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथे माल पाठविणाऱ्याने उत्पादकाच्या या सूचनांची प्रत, माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केल्यानंतर ९० दिवस जपून ठेवावी लागते. सूचना पिंपावरच छापलेल्या असतील तर वेगळी प्रत ठेवण्याची गरज नाही. कारकुनी वाटावी अशी ही तरतूद खरे पाहता पुराव्याची आहे. गळती झाली की तपासनीस प्रथम विचारू शकतो: झाकण कसे लावायचे, हे तुम्हाला माहीत होते काय?

हा जोर ‘घट्ट लावा’ एवढ्या शब्दांत सांगून भागत नाही. वायसर कमी दाबला तर फट राहते, फार दाबला तर तो चिरडतो किंवा बुचाचे आटे जातात. प्लॅस्टिकची झाकणे आणखी लहरी; दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू सरकते आणि आज घट्ट वाटलेले झाकण उद्या किंचित सैल झालेले असते. काही द्रावणांनी रबर फुगते, काहींनी ते कडक होऊन तडकते. त्यामुळे एकदा वापरलेला वायसर पुन्हा वापरणे ही बचत नसून उधारी आहे. पिळाचा जोर मोजणारा पाना यासाठीच लागतो. आणि काही पदार्थांच्या बाबतीत झाकण पूर्ण घट्ट असणे हाच धोका! हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा पदार्थ हळूहळू विघटित होऊन प्राणवायू सोडतो. त्याच्या पिंपाला श्वास घेणारे झाकण लागते, आणि असे पिंप आडवे ठेवून चालत नाही. खोक्यावरचे वर दाखविणारे दोन बाण ही शोभा नव्हे.

उष्णतेचा हिशेब तर कोणाही विद्यार्थ्याला करता येईल. टोल्युइनसारख्या सेंद्रिय द्रावकांचे आकारमान तापमान एक अंश वाढले की साधारण हजारात एक भागाने वाढते. २५ अंशांना भरलेले २०० लिटरचे पिंप ५५ अंशांपर्यंत तापले, तर द्रव सुमारे सहा लिटरने वाढतो. ही जागा आधी सोडलेली नसेल, तर द्रव बुचातून वाट काढतो किंवा पिंप फुगवतो. म्हणून ५५ अंशांनाही पिंप पूर्ण भरलेले असू नये, असा नियम आहे. युरोपातील हवामानात ही मर्यादा कदाचित अतिरेकी वाटेल. मे महिन्यात रोह्याहून चंद्रपूरला उघड्या ट्रकमधून जाणाऱ्या पिंपाच्या पत्र्याला हात लावून पाहणाऱ्याला तशी ती वाटणार नाही.

दोन विमाने

झाकण व बांधणी यांतील निष्काळजीपणाची किंमत विमान वाहतुकीने दोनदा फार ठळकपणे मोजली. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालेले पॅन अमेरिकन कंपनीचे मालवाहू बोइंग ७०७ विमान, वैमानिकांच्या कक्षात धूर कोंडल्याने बोस्टनला परत फिरले आणि उतरताना कोसळले. तिन्ही कर्मचारी मरण पावले. चौकशी मंडळाने या धुराचा उगम बहुधा नायट्रिक आम्लाच्या गळतीत असावा, असे मानले. आम्लाच्या बाटल्या लाकडी खोक्यांत भुशामध्ये बसविल्या होत्या. नायट्रिक आम्ल इतर पदार्थांना पेटविणारे द्रव्य आहे आणि भुसा म्हणजे आयते सरपण. गळतीला शोषून घेण्यासाठी ठेवलेली वस्तूच तिच्याशी संयोग पावली. खोकी कोणत्या बाजूने उभी ठेवायची याच्या खुणाही धड नव्हत्या आणि काही खोकी आडवी पडली होती. अमेरिकेत धोकादायक माल वाहतुकीचा स्वतंत्र कायदा त्यानंतर, १९७५ च्या जानेवारीत अस्तित्वात आला.

दुसरी घटना ११ मे १९९६ ची. फ्लोरिडाच्या दलदलीत व्हॅल्यूजेट कंपनीचे प्रवासी विमान कोसळून ११० जण मृत्युमुखी पडले. सामानकक्षात मुदत संपलेली प्राणवायू-निर्मिती यंत्रे खोक्यांत भरून ठेवली होती. प्रत्येक यंत्राच्या चापावर प्लॅस्टिकची एक छोटी सुरक्षा टोपी चढवायची होती. ती चढविली नव्हती. कारण त्या टोप्या कामाच्या जागी उपलब्धच नव्हत्या. तरीही काम पूर्ण झाल्याच्या सह्या कागदावर झाल्या आणि खोक्यांवर ‘रिकामी’ असे लिहिले गेले. ही टोपी काटेकोर अर्थाने पॅकिंगचे झाकण नव्हे. पण टोपी नाही, सही आहे, हा तपशील झाकणाच्या प्रश्नाचे सार सांगून जातो. सूचना होती, तिची अंमलबजावणी करणाऱ्याच्या हाती साधन नव्हते आणि त्याच्या वेळेला मोल होते.

बचत एकाची, तोटा दुसऱ्याचा

एखादे बूच नीट बंद करायला काही सेकंद लागतात आणि नव्या वायसरचे मोल संपूर्ण मालाच्या किमतीपुढे नगण्य असते. मग ते का केले जात नाही? अज्ञान हे एक उत्तर झाले. पण मोठे कारण असे की, वाचलेले सेकंद ज्याच्या पदरात पडतात आणि गळतीचा तोटा ज्याला सोसावा लागतो, ते दोघे एक नव्हेत. भरणी विभागातील कामगार बहुधा कंत्राटदाराचा असतो आणि नगावर मजुरी मिळवितो. त्याच्या दृष्टीने प्रत्येक पिंपावर घालविलेला जादा वेळ म्हणजे बुडालेली मिळकत. कारखान्याच्या दृष्टीने माल फाटकाबाहेर गेला की तो वाहतूकदाराचा. वाहतूकदाराला पिंप उघडून पाहण्याचा अधिकार नाही आणि पाहून कळेल अशी विद्याही नाही. जो खरोखर सोसतो तो म्हणजे पिंप गडगडत नेणारा माथाडी, रात्रभर त्या वासात गाडी हाकणारा चालक आणि रस्त्याकडेच्या वस्तीतील माणूस. या साखळीत त्यांचा शब्द कोणीही विचारीत नाही.

गिडो कॅलाब्रेझी या कायदेपंडिताने १९७० साली अपघातांच्या खर्चाविषयी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. अपघात टाळणे ज्याला सर्वांत कमी खर्चात शक्य आहे, त्याच्यावर जबाबदारी टाकावी, म्हणजे समाजाचा एकूण खर्च कमी होतो, असा त्याचा आशय. झाकणाच्या बाबतीत ती व्यक्ती कोण, यात शंकेला जागा नाही. जहाजाच्या कप्तानाने भरसमुद्रात गळता कंटेनर हाताळण्याचा खर्च आणि भरणी विभागात पाना फिरविण्याचा खर्च यांची तुलनाही होऊ शकत नाही. असे असूनही आपली कायदेव्यवस्था बहुधा अपघाताच्या जागी कोण उभा होता, याकडे प्रथम पाहते. भोपाळनंतर झालेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यात ‘हाताळणी’ या शब्दात वाहनातून होणारी वाहतूकही धरली आहे, हे चांगलेच झाले. परंतु दायित्व येते ते मालकावर किंवा अपघाताच्या वेळी हाताळणी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर. माल विकून मोकळा झालेला, पण झाकण स्वतः लावलेला कारखानदार या व्याख्येच्या बाहेर सहज निसटू शकतो.

१९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम धोकादायक मालाविषयी बरेच काही सांगतात. माल पाठविणाऱ्याने वाहतूकदाराला मालाची पूर्ण माहिती द्यावी, वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक असावा, चालकाला प्रशिक्षण असावे, आणि इतकेच नव्हे तर त्याला एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावे, अशा अटी त्यांत आहेत. चालकाकडून इंग्रजीची अपेक्षा करणाऱ्या या नियमांचा भर वाहन, चालक व फलक यांवर आहे, बुचावर नाही. निर्यातीचा माल मात्र संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हाशिवाय जहाजावर चढत नाही. ती परीक्षा घेण्याची व्यवस्था मुंबईतच, १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत आहे. म्हणजे ज्ञान, यंत्रे आणि तज्ज्ञ यांची वानवा नाही. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या पिंपासाठी जी काळजी घेता येते, ती महाडहून इचलकरंजीला जाणाऱ्या पिंपासाठी घेता येणार नाही असे कोण म्हणेल? परदेशी गिऱ्हाईक मागते म्हणून ती घेतली जाते, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या पिंपांचा बाजार हा या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित कोपरा आहे. वापरलेले पिंप धुऊन, पोचे काढून, रंग देऊन पुन्हा विकले जाते. या धंद्यावर अनेक कुटुंबे जगतात आणि पुनर्वापर वाईट नाही. नियमावलीलाही तो मान्य आहे, मात्र तपासणी व नव्या वायसरच्या अटीवर. प्लॅस्टिकच्या पिंपांना तर धोकादायक मालासाठी साधारणतः निर्मितीपासून पाच वर्षांचीच मुदत दिलेली आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखविले, तेच येथे घडते. चांगले आणि वाईट पिंप रंगामुळे सारखेच दिसते. म्हणून गिऱ्हाईक सरासरी भाव देतो आणि नीट दुरुस्ती करणारा त्या भावात टिकत नाही. शिवाय रिकामे पिंप हे खऱ्या अर्थाने रिकामे नसते. आतील उरलेला अंश निघेपर्यंत ते भरलेल्या पिंपाइतकेच धोकादायक मानावे, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. आपल्याकडे तेच पिंप टंचाईच्या दिवसांत पाणी साठविण्यासाठी घरोघर जाते.

बंद भांड्याला मालकच उरला नाही तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १४ जुलै २०१० रोजी पहाटे शिवडीच्या हाजी बंदरात दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेल्या गंजक्या सिलिंडरमधून क्लोरीन वायू सुटला आणि कामगार, अग्निशामक दलाचे जवान व परिसरातील रहिवासी मिळून शंभरावर लोकांना बाधा झाली. आयात झालेला माल कोणी सोडवून नेला नाही आणि बंदराच्या दप्तरात तो पडून राहिला. दप्तरात नोंद होती. झडपेकडे पाहणारा कोणी नव्हता.

करण्याजोगे काय आहे? नवा मोठा कायदा हवाच असे नाही. देशांतर्गत वाहतुकीतही धोकादायक द्रव भरणाऱ्या कारखान्याने झाकणाच्या लेखी सूचना जवळ ठेवाव्यात, त्या मराठीत वा हिंदीत भरणीच्या जागी लावाव्यात आणि पिळाचा जोर मोजल्याची नोंद मालाच्या कागदपत्रांसोबत जावी, एवढे विद्यमान नियमांत घालता येईल. भरणीचे काम नगावर देण्यास बंदी घातली तर कारखानदार तक्रार करतील. पण निदान अत्यंत धोकादायक गटातील पदार्थांपुरती तरी ती घालावी. माथाडी कामगारांचा कायदा महाराष्ट्राने १९६९ साली, इतर राज्यांच्या आधी केला. त्या कायद्याखालील मंडळांनी गळके पिंप उचलण्यास नकार देण्याचा हमालाचा हक्क मान्य केला आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही अशी हमी दिली, तर फाटकाबाहेर पडणाऱ्या मालाची तपासणी करणारी माणसे सरकारी तिजोरीतून एक पैही खर्च न करता मिळतील.